रात्री दोनचं बीपी

या आठवड्याचं पत्र एका स्टाफ नर्सचं आहे. नाव-गाव काढून, थोडं छोटं करून देतेय.

"ताई, मी २४ वर्षांची, नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा झालेली. दीड वर्ष झालं वेस्टर्न लाइनच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात आहे. नाईट आठ ते आठ. महिन्यापूर्वी एका नाईटला मेडिकल वॉर्डला २२ पेशंट आणि आम्ही दोघीच होतो. नऊ नंबरचे काका दीडला अचानक धापा टाकायला लागले, साडेचारपर्यंत आम्ही दोघी आणि ड्यूटीचे डॉक्टर (आरएमओ) सगळे तिथंच. पाचला सिनियर सिस्टरनी फाइल्सचा गठ्ठा काढला आणि दोनचे व्हायटल्स (बीपी, पल्स, श्वास वगैरे) भरायला घेतले, निम्म्या फाइल्स माझ्याकडे सरकवल्या, म्हणाल्या मागचं बघ आणि त्याच्या आसपास टाक. मी टाकले. त्यात १४ नंबरच्या आजी होत्या. बीपी १२०/८०, पल्स ८०, आरआर (मिनिटाला श्वास) २०. सकाळी साडेसातला आजींना हाक मारली तर डोळे नीट उघडेनात. आयसीयूला हलवलं, इन्फेक्शन रक्तात गेलंय म्हणाले. डॉक्टर चार्ट बघून म्हणाले, दोनला तर नॉर्मल होत्या म्हणजे आत्ताच झालंय. मी तिथंच उभी होते, काही बोलले नाही. आजी वाचल्या, नऊ दिवसांनी घरी गेल्या. गेल्या आठवड्यात आम्हाला प्रोफेशनॅलिझमचं ट्रेनिंग झालं. केस, नखं, स्माइल, नातेवाइकांशी कसं बोलायचं, आणि शेवटी आमच्या वॉर्डच्या फाइल्स शंभर टक्के कम्प्लीट असतात म्हणून कौतुक, टाळ्यासुद्धा. मला रडू आवरेना. ताई, प्रोफेशनल म्हणजे नक्की काय? आता बोलू का? सिनियरनीच मला काम शिकवलंय, त्यांच्यावर येईल. आणि माझ्या पगारावर घर चालतं."

अगं पोरी, तुझं पत्र मी आधी दोनदा वाचलं आणि मग चहा ठेवला आणि चहा उतू गेला, कारण मी त्या वॉर्डात जाऊन उभी राहिले होते. ३२ वर्षं म्युनिसिपल हॉस्पिटलात काढलीत मी, पहाटे पाचला टेबलावर येणारा तो फाइल्सचा गठ्ठा मला चांगला माहितीये. पाय सुजलेले असतात, शेवटची शुद्ध चहाबरोबर गेलेली असते, आणि सातला हँडओव्हर.

पहिली गोष्ट, आजी घरी गेल्या. हे आधी मनाशी धर. आणि दीड ते साडेचार तुम्ही दोघींनी नऊ नंबरच्या काकांना सोडलं नाहीत, ते तुमचं कामच होतं आणि ते तुम्ही केलंत. माझा राग त्या तीन तासांवर अजिबात नाहीये. राग पाच वाजताच्या त्या पंधरा मिनिटांवर आहे आणि तो मी लपवणार नाही, कारण तू मला लाड करून घ्यायला लिहिलेलं नाहीयेस.

तुम्ही तेव्हा नेमकं काय केलंत ते बघ. तुला वाटतंय तू एक रकाना भरलास. खरं म्हणजे तू दोन वाजता आजींच्या बेडपाशी गेली होतीस असं लिहून दिलंस. मग डॉक्टरनी त्यावर विश्वास ठेवला, ठेवणारच, त्यांच्याकडे दुसरं काय होतं, आणि त्यांनी हिशोब केला की हे सकाळी सुरू झालंय. कदाचित दोनला आजी खरंच ठीक असतील. कदाचित नसतील. आता ते कुणालाच कधी कळणार नाही, तुलाही नाही, आणि तुझं मन जे खातंय ना ते हेच आहे असं मला वाटतं.

आणि तो आरआर २०. कुठल्याही वॉर्डात जा, कुठलीही फाइल उघड, वीस. खाली वीस, त्याच्याखाली वीस. बीपीसाठी कफ बांधावाच लागतो, टेंपरेचरला थर्मामीटर लागतो, पण श्वास मोजायला एक मिनिट नुसतं उभं राहावं लागतं, पेशंटच्या छातीकडे आणि घड्याळाच्या सेकंद काट्याकडे बघत, आणि ते एक मिनिटच कुणाकडे नसतं म्हणून सगळ्यात जास्त खोटं तिथंच लिहिलं जातं. आणि गंमत नाही गं ही, मोठ्या माणसाचं शरीर बिघडायला लागलं की बऱ्याचदा बीपी पडायच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनी २०१२ मध्ये वॉर्डातल्या पेशंटसाठी जो धोक्याचा स्कोअर काढला, ज्याला न्यूज (NEWS) म्हणतात, त्यात मिनिटाला १२ ते २० श्वास असले तर शून्य, २१ ते २४ ला दोन मार्क आणि २५ किंवा वर गेला की एकदम तीन, म्हणजे तेवढ्या एका गोष्टीवरून लगेच डॉक्टरांना बोलवायचं. रक्तात इन्फेक्शनचा संशय असेल तर २०१६ मध्ये जी झटपट तपासणी सुचवली गेली तिच्यात तीनच गोष्टी आहेत, श्वास २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, आणि पेशंट नेहमीसारखा शुद्धीवर नाही. तिन्ही गोष्टी नर्सच्या हातातल्या, कुठलंही महागडं मशीन नको. म्हणजे आजींच्या बाबतीत तू जो आकडा सगळ्यात सहज टाकलास तोच कदाचित सगळ्यात आधी बोलला असता.

मला हे कसं कळलं ते सांगते, कारण मी हे पुस्तकातून शिकले नाही.

मी तुझ्याच वयाची होते, सर्जिकल वॉर्डला, नाईट. ऑपरेशन झालेले एक गृहस्थ होते लालबागचे, मिलमधले, लघवीची नळी (कॅथेटर) आणि पिशवी (यूरोबॅग) लावलेली. दर तासाला लघवी मोजून आयओ चार्टवर, म्हणजे शरीरात किती पाणी गेलं आणि किती बाहेर आलं त्या तक्त्यावर, लिहायची. बाराला मी मोजली, व्यवस्थित होती. मग दोन अॅडमिशन आल्या, एकाला रक्त लावलं, आणि मी एकला, दोनला, तीनला, चारला न बघता पन्नास, पन्नास, पन्नास, पन्नास असं लिहून टाकलं. मधेमधे ते कण्हत होते. मी लांबूनच म्हटलं, काका टाके दुखतात, झोपा थोडं, आणि ऑर्डरमधलं दुखण्याचं इंजेक्शन दिलं. साडेपाचला त्यांची बायको आली, तिला रात्री वॉर्डात थांबू दिलं नव्हतं, बाहेर जिन्यात पथारी टाकून होती बिचारी. ती पिशवीकडे बघून म्हणाली, ओ सिस्टर, ही पिशवी काल रात्री होती तेवढीच आहे की. मी चादर बाजूला केली. नळी मांडीखाली दाबून पार मुडपली होती. ओटीपोट दगडासारखं. मी हात लावल्यावर ते ओरडले, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

नळी सरळ केली, पिशवी भरली, ते बरे झाले, आठ दिवसांनी घरी गेले. पण एक लक्षात घे, माझ्या खोट्या आकड्यांनी डॉक्टरांना फसवलं असतं ते नंतर, आधी मीच फसले. चार्टवर पन्नास दिसतायत म्हणजे लघवी होतेय, म्हणजे दुखणं टाक्यांचंच असणार. माझ्याच अक्षरावर मी विश्वास ठेवला.

आमच्या इन्चार्ज सिस्टर त्या दिवशी साडेसहालाच आल्या होत्या, दादरहून चालत यायच्या. मी रडत सांगितलं. त्या मला एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. चार्ट समोर ठेवला, माझ्या हातात पेन दिलं आणि म्हणाल्या, प्रत्येक पन्नासवर एकच रेघ मार, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, खोडाखोड नाही, बाजूला लिही 'मोजलं नाही', आजची वेळ, तुझी सही. चार रेघा, चार सह्या. मग म्हणाल्या, आता रजिस्ट्रार डॉक्टरांकडे जा आणि तू स्वतः सांग, मी शेजारी उभी राहते. बोलले मी. रजिस्ट्रारनी चिडून फाइल आपटली, पण पुढच्या पाच मिनिटांत पेशंट परत तपासला, रक्त पाठवलं, आणि दुपारी मला विचारलं, कालच्या बाकीच्या नोंदी खऱ्या आहेत ना? हो म्हटलं. त्यानंतर त्या युनिटमध्ये मी सांगितलेला आकडा कुणी परत तपासायला गेलं नाही. म्हणजे चूक कबूल केल्यावर माझा शब्द चालायला लागला, हे मला तेव्हा फार विचित्र वाटलं होतं.

तर तू विचारतेस प्रोफेशनल म्हणजे काय. माझ्यापुरतं सांगते. तुझ्यानंतर ड्यूटीला येणारा माणूस तुझ्या सहीवर डोळे मिटून औषध देऊ शकतो का? एवढंच. केसांचा बन, स्माइल, गुड मॉर्निंग सर, हे असू दे, त्यातलं नखं कापणं तर खरंच महत्त्वाचं आहे, नखांखाली काय काय जातं वॉर्डात ते तुला मी सांगायला नको. पण ट्रेनिंगवाल्यांना जे दिसतं ते त्यांनी शिकवलं. जे दिसत नाही ते कोण शिकवणार, ते रात्री दोनला एकटीनंच करायचं असतं.

तुला केईएमचं माहितीच असेल तरी लिहिते, कारण नवीन मुली नुसतं नाव ऐकून असतात. २७ नोव्हेंबर १९७३ ला परळला केईएममध्ये अरुणा शानबाग या आपल्यातल्याच एका नर्सवर तिथल्याच सफाई कामगारानं भयंकर हल्ला केला आणि त्या तशाच, स्वतः उठणं नाही, बोलणं नाही, १८ मे २०१५ ला जाईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून जास्त, त्याच हॉस्पिटलात होत्या. त्यांचं सगळं केलं तिथल्या नर्सेसनी. १९७३ ला ज्या ड्यूटीवर होत्या त्या रिटायर झाल्या, मग पुढच्या आल्या, मग ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्या मुली आल्या. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल देताना या स्टाफचं मनापासून कौतुक केलंय. आणि इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्यांनी बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ दिला नाही. हे वाक्य लोक भरकन वाचून पुढे जातात, पण तू नर्स आहेस, तुला कळेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ बघायची, चादरीची सुरकुती काढायची, रात्रीसुद्धा, दिवाळीतसुद्धा, गणपतीतसुद्धा. चार्टवर 'पोझिशन चेंज' लिहायला दोन सेकंद लागतात आणि त्या तक्रार करायला बोलूही शकत नव्हत्या. कुणी नुसतं लिहून सोडून दिलं असतं तर त्या रात्री कुणालाच कळलं नसतं, पण कातडीवर दिसलं असतं. कातडीवर काही दिसलं नाही, इतक्या हजारो रात्रींमध्ये.

आता तुझ्या वॉर्डाचं बोलूया, कारण सगळं ओझं तुझ्या डोक्यावर ठेवून मी मोकळी होणार नाही. २२ पेशंटला दोघी म्हणजे एकीच्या वाट्याला ११. जनरल वॉर्डाला पाचसहा पेशंटमागे एक नर्स हवी हे आपण शिकताना पाठ केलेलं असतं आणि ड्यूटीवर आल्यावर पहिल्या आठवड्यात विसरायला लावतात. त्यात एक इमर्जन्सी आली की दुसरी एकटी. हे काही तू तयार केलेलं नाहीयेस. पण इथंच एक गोष्ट आहे जी मला स्वतःला कळायला फार वर्षं लागली. तुमच्या फाइल्स शंभर टक्के भरलेल्या आहेत म्हणून टाळ्या वाजल्या ना? मॅनेजमेंटला त्या फाइल्समधून काय दिसतं विचार कर. दोन नर्स, २२ पेशंट, एक इमर्जन्सी, आणि तरी सगळे व्हायटल्स वेळेवर. म्हणजे दोन नर्स पुरतात की! तिसरी कशाला द्यायची? आपण वर्षानुवर्षं रकाने भरून भरून आपल्याच विरुद्ध पुरावा तयार करून ठेवतो. तेच त्या रात्री वीस रकाने रिकामे असते आणि प्रत्येकावर 'बेड ९ इमर्जन्सी, व्हायटल्स घेता आले नाहीत' असं असतं तर सकाळी कुणालातरी उत्तर द्यावं लागलं असतं. असं महिन्यात चारदा झालं असतं तर ऑडिटमध्ये आलं असतं. रिकामा रकाना पेशंटच्या बाजूनं बोलतो आणि तुझ्याही बाजूनं.

नर्सिंगचा दिवा आपण सगळ्या धरतो, शपथ घेताना. ती शपथ १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला लिहिली गेली, नाइटिंगेलबाईंच्या नावानं, त्यांनी स्वतः लिहिलेली नाहीये. त्या बाई दिव्यापेक्षा वहीवर जास्त चालायच्या असं मला वाटतं. क्रिमियाच्या लढाईत सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच जास्त मरतायत हे त्यांनी आकडे मांडून सरकारला दाखवलं, आणि १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीत घेतलेल्या त्या पहिल्या बाई. ते आकडे कुणी पहाटे पाचला 'मागचं बघून' भरलेले असते तर काय दिसलं असतं त्यात?

बोलायचं का? हो. बोलायचं. कसं ते सांगते.

आधी एक करू नकोस. जुनी फाइल काढून गुपचूप काही बदलू नकोस, पान बदलणं तर नाहीच नाही, व्हाइटनर नाही. ती दुसरी लबाडी होईल आणि ती पहिलीपेक्षा वाईट. पेशंटनं मागितले तर ७२ तासांत कागद द्यावे लागतात हा डॉक्टरांसाठीचा २००२ पासूनचा नियम आहे, फाइल हॉस्पिटलच्या कपाटात असली तरी ती आजींचीही आहे. आणि त्या फाइलचा फोटो काढून स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नकोस, पुरावा म्हणूनसुद्धा नाही, त्यात आजींच्या आजाराचं सगळं आहे.

आधी सिनियरशी बोल. इन्चार्जकडे जायच्या आधी. कॅन्टीनमध्ये नको, ड्यूटी संपल्यावर स्टेशनला जाताना, दोघीच असाल तेव्हा. त्यांना म्हण, "सिस्टर, त्या रात्रीच्या १४ नंबरच्या नोंदी मी न घेता लिहिल्या होत्या, मला ते झोपू देत नाहीये, मी इन्चार्ज मॅडमना माझ्या हातच्या नोंदींबद्दल सांगणार आहे. तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून आधी सांगतेय. मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, पण तुमची तक्रार करायला मी जात नाहीये." चिडतील कदाचित. कदाचित रडतील. त्या वाईट बाई नाहीत, मला पत्रावरूनच कळलं, वर्षानुवर्षं अर्ध्या स्टाफमध्ये वॉर्ड ओढला की माणसाला पाट्या टाकायची सवय लागते आणि मग तीच सवय ज्युनियरला 'काम' म्हणून शिकवली जाते. त्यांनी तुला शिरा शोधायला शिकवलं असेल, ते ऋण आहे, मान्य. पण खोट्या नोंदीनं ते फिटत नाही.

मग इन्चार्ज. तोंडी सांग आणि त्याच दिवशी लिहून दे, इन्सिडेंट रिपोर्टचा फॉर्म असेल तर त्यावर, नसेल तर साध्या कागदावर. तारीख, वॉर्ड, किती पेशंट, किती स्टाफ, दीड ते साडेचार काय चाललं होतं, मी कुठल्या बेडच्या नोंदी न घेता केल्या. चार-पाच ओळी पुरे. मला माफ करा, मी घाबरले होते, असलं काही नको. तुझ्याकडे एक कॉपी ठेव, त्यात आजींचं नाव न लिहिता बेड नंबर लिहिलेला. आणि खाली हे जरूर लिही की इमर्जन्सी आली की दुसऱ्या फ्लोअरवरून एक नर्स मिळावी. आजींच्या डॉक्टरांनाही कळायला हवं, ते इन्चार्जनी सांगावं की तू, ते त्यांना ठरवू दे, पण सांगायची तयारी ठेव.

नोकरी जाईल का, हे मला खात्रीनं सांगता येणार नाही आणि उगाच धीर द्यायला मी 'काही होत नाही' म्हणणार नाही. मेमो मिळू शकतो. बोलणं बसेल हे नक्की. म्हणून घरी आधी सांग, महिन्याभराचा खर्च कुठून निघेल ते बघून ठेव, हे भित्रेपणाचं नाहीये. दीड वर्षाचा वॉर्डाचा अनुभव असलेल्या नर्सला मुंबईत दार उघडं असतं, आणि तुझं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तुझ्या नावावर आहे, हॉस्पिटलच्या नाही.

आणि परत अशी रात्र येईल, येणारच, तेव्हाचं. इमर्जन्सी लागली की पहिल्या दहा मिनिटांत नाईट सुपरव्हायझरला फोन, "एक हात पाठवा", आणि फोन किती वाजता केला ते रिपोर्टमध्ये टाक, कुणी आलं नाही तरी टाक. आरएमओ काकांपाशी आहेत, सिनियर आहेत, तर दहा मिनिटं तू वॉर्डाला एक चक्कर मार. कफ नको, फाइल नको. प्रत्येकापाशी थांब, छाती बघ, हलकेच हाक मार, हात धर, गरम आहे का गार. ज्याचा श्वास वेगळा वाटेल, जो हाकेला नेहमीसारखा ओ देणार नाही, तिथं थांब आणि मोज. बाकीच्यांचं पाचला खरं बीपी घे आणि वेळही पाचचीच लिही. दोनच्या रकान्यात, 'घेता आलं नाही, बेड ९ इमर्जन्सी', सही.

सेकंद काटा असलेलं घड्याळ आहे का तुझ्याकडे? नसेल तर दादरला स्टेशनबाहेर मिळेल, साधं चालेल, मोठ्या काट्याचं घे, अंधारात दिसायला हवं.

इन्चार्ज मॅडम काय म्हणाल्या ते मला लिही. सिनियर काय म्हणाल्या तेही.